बेडूक, बॅटरी आणि मी

अशक्त माणूस आणि अशक्त बॅटरी यांच्यात एक मोठं साम्य आहे. दुखणं एका जागी असतं आणि तक्रारी भलत्याच जागेहून येतात. हे तत्त्व मला साठी उलटल्यावर उमगलं, आणि तोवर एका सरळमार्गी पोराला मी चारचौघांत गुन्हेगार ठरवून मोकळा झालो होतो.

त्याचं झालं असं. आमची गाडी आठवड्यातून एकदा मंडईपर्यंत जाते आणि थकून परत येते. ऐन थंडीत तिला भुतानं झपाटलं. किल्ली फिरवली की डॅशबोर्डवरचं घड्याळ बारा वाजल्याचं दाखवी. "बरोबरच आहे," ही म्हणाली, "गाडीचे वाजलेतच!" मग काच अर्ध्यावर अडकली. ब्रेकचा, स्टिअरिंगचा, जे जे म्हणून दिवे होते ते सगळे दिवाळीसारखे लागले. शेवटी इंजिनाऐवजी नुसतं टक्-टक्-टक्-टक्.

आठच दिवसांपूर्वी कोपऱ्यावरच्या गॅरेजातल्या पोरानं नवा हॉर्न बसवला होता. मी तडक गेलो आणि म्हणालो, "वायरिंगची पार वाट लावलीस!" तो शांतपणे म्हणाला, "काका, आधी बॅटरी बघू का?" मी उसळलो, "बॅटरीला काय धाड भरलीय? दिवे तर लागताहेत!"

आता माझ्या बचावासाठी मला इतिहासाकडे वळलं पाहिजे. ही चूक माझ्याआधी थोरामोठ्यांनी केलेली आहे. इटलीतल्या बोलोन्याचे लुइजी गॅल्व्हानी मेलेल्या बेडकाच्या तंगड्यांवर प्रयोग करीत. दोन वेगळ्या धातूंचा स्पर्श झाला की तंगडी उडे. त्यांनी निष्कर्ष काढला की वीज बेडकात आहे, आणि 1791 साली तसं छापलंही. आलेस्सांद्रो व्होल्टा म्हणाले, बेडकाचा काही संबंध नाही, करामत धातूंची आहे. त्यांनी जस्ताच्या आणि चांदीच्या चकत्या एकाआड एक रचल्या, मधे मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले आणि 1800 साली लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र धाडलं. बेडकावाचून वीज वाहू लागली. ही पहिली बॅटरी.

पण ती एकदा संपली की संपली. पुन्हा भरता येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी 1859 साली केली. शिशाचे दोन पत्रे, मधे फडकं, त्यांची वळकटी, आणि ती गंधकाम्लात. गाडीत आपण जी जड पेटी वाहतो ती तिचीच नात. मोटारींना मात्र तिचं खरं महत्त्व फार उशिरा कळलं. त्या आधी पुढे हँडल घालून इंजिन फिरवावं लागे, आणि इंजिनानं उलटा हिसका दिला की मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनी विजेचा स्टार्टर केला, तो 1912 च्या कॅडिलॅकमध्ये बसला, आणि हाडवैद्यांचं एक गिऱ्हाईक कमी झालं. त्या दिवसापासून सगळा भार बॅटरीवर आला.

त्या पोरानं एव्हाना मीटर लावला होता. "काका, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. ही 11.8. आता किल्ली मारा." मी मारली. काटा सातावर कोसळला. मग त्यानं मला समजावलं. दिव्याला थोडाच करंट लागतो, स्टार्टरला शंभर अँपियरच्या वर. वाटीभर पाणी देणाऱ्या नळावर हंडा मागितला की घरातले सगळे नळ कोरडे पडणारच. ती टक्-टक् म्हणजे स्टार्टरचा सोलेनॉइड. तो आत ओढला जातो, स्टार्टर सगळा करंट खातो, व्होल्टेज पडतं, सोलेनॉइड सुटतो. भार गेला की व्होल्टेज वर येतं आणि तो पुन्हा ओढला जातो. घड्याळाची आणि कंट्रोलची इलेक्ट्रॉनिक यंत्रं व्होल्टेज फार पडलं की भान हरपतात आणि दिसेल तो दिवा लावतात. त्यातून थंडीत बॅटरीचा जोर कमी, आणि गाडी दाराशी उभी असली तरी घड्याळ तिचं रक्त थेंबथेंब पीतच असतं. मंडईच्या फेरीत ते भरून निघत नाही.

नवी बॅटरी बसली. घड्याळ चाललं, काच चढली, दिवे विझले. ही हळूच म्हणाली, "चारचौघांत बोललात ना? मग तेही चारचौघांतच." पाय जड झाले, पण गेलो. चहाच्या ग्लासांभोवती तीच चार माणसं होती. मी म्हणालो, "बाळ, चूक माझी होती. तुझं काम चोख आहे." तो कानापर्यंत लाल झाला. "असू द्या काका, होतं असं," म्हणाला आणि माझ्यासाठीही एक चहा सांगितला.

एका बाबतीत गॅल्व्हानी सुटले. त्यांना बेडकाची माफी मागावी लागली नाही.