घोडनवरी

डिसेंबर 1873, पुणं. अंतरपाटाच्या अलीकडे तू उभी आहेस. मुंडावळ्यांचे मोती नाकाला गुदगुल्या करतायत. मामानं मागून खांदे धरलेत, नाहीतर तू केव्हाच बसकण मारली असतीस. पलीकडचा कोण, ते तुला ठाऊक नाही. तुला अकरावं सरत आलंय.

"जमलं बाई एकदाचं, घोडनवरी व्हायला आली होती," मागं कुणीतरी पुटपुटतं. खोटं नाही. शास्त्रात आठाची गौरी, नवाची रोहिणी, दहाची कन्या. त्यापुढच्या मुलीसाठी गोड शब्दच ठेवलेला नाही. याच महिन्यात एकतीस वर्षांच्या न्यायमूर्ती रानड्यांचंही लग्न लागतंय. विधवाविवाहाची बाजू घेणारा माणूस, पण वडिलांच्या हट्टापुढे नमला. नवरी तुझ्याएवढीच, अकराची.

तुला स्वयंपाक येतो का, हे कुणी विचारलेलं नाही. चूल सासूची, किल्ल्या आजेसासूच्या. संसार थाटायचा नाहीये तुला. थाटलेल्या घरात मावायचंय. त्याला वय कशाला लागतं?

मंगलाष्टकं संपतात. सावधान! अंतरपाट दूर होतो आणि समोर नवरा नाही, लोण्याचा लाकडी डेरा आहे.

1680, इंग्लंडमधल्या एका शेतकऱ्याचं दुभत्याचं घर. तू चोवीस वर्षांची. थंडीनं लाल झालेल्या हातांनी रवी वरखाली करतेयस. पंधराव्या वर्षापासून परक्याच्या घरी राबतेस. करार वर्षाचा, जेवणखाण मालकाकडे, मजुरी साठवायची. कायद्यानं इथं मुलगी बाराव्या वर्षीच लग्नाला मोकळी. पण मोकळी होऊन जाणार कुठं? सासूच्या चुलीशी जाऊन बसायची पद्धत नाही. लग्न म्हणजे वेगळं छप्पर, वेगळी चूल. ते जमेपर्यंत थांबायचं. चर्चच्या जुन्या वह्या पुढं इतिहासकारांनी मोजल्या, तेव्हा या शतकातल्या नवऱ्या सरासरी सव्विशीच्या आसपास निघाल्या, नवरे अठ्ठाविशीच्या. (ज्युलिएटला चौदावंही पुरं होऊ न देणाऱ्या शेक्सपिअरची स्वतःची बायको लग्नात सव्वीसची होती. तो अठराचा!)

तुला इथं कुणी घोडनवरी म्हणत नाही. चोवीस म्हणजे जरा घाईच. नांगऱ्या कुंपणापाशी येऊन विचारतो, कधी? तू फडक्याची गाठ सोडून नाणी मोजतेस. पलंगाचे झालेत, गाईचे जवळपास झालेत.

किटलीचे अजून व्हायचेत.