सर्व्हर असतो, फक्त आपला नसतो

'सर्व्हरलेस' हा शब्द अभावातून घडलेला आहे. मराठीत अशा शब्दांची वाण नाही. 'बिनतारी' हा शब्द आपण पाऊणशे वर्षे वापरला, पण बिनतारी संदेशात तार खरोखरच नसे. येथे मात्र सर्व्हर असतोच. नसते ती त्याची जबाबदारी आपल्यावर. कोणते यंत्र, कोठे ठेवलेले, त्यावर कोणती प्रणाली, ती अद्ययावत कोणी करायची, या प्रश्नांपासून संकेतस्थळाच्या चालकाची सुटका करणारी व्यवस्था म्हणजे 'सर्व्हरलेस'. ॲमेझॉनने नोव्हेंबर २०१४मध्ये 'लॅम्डा' ही सेवा जाहीर केल्यानंतर हा शब्द सर्वतोमुखी झाला. आज महाविद्यालयांचे मराठी विभाग आपली वार्षिके आणि चर्चासत्रांतील निबंध जालावर ठेवू लागले आहेत, आणि फुकट म्हणून बहुधा याच व्यवस्थेकडे वळत आहेत. तेव्हा मराठी मजकूर आजवर कोणाकोणाच्या घरी बिऱ्हाडाला राहिला, हे पाहून घेणे अप्रस्तुत ठरू नये.

पहिले बिऱ्हाड धर्मशाळेचे. १९९४ साली सुरू झालेल्या जिओसिटीजने लोकांना फुकट जागा दिली आणि तिला वस्त्यांची नावे दिली. शिक्षणविषयक पाने 'अथेन्स'मध्ये, कला-साहित्याची 'सोहो'त. पत्त्यात वस्तीचे नाव आणि घरक्रमांक. परदेशस्थ मराठी मंडळींनीही अशा फुकट जागांवर कविता, पाककृती, आरत्या मांडल्या. १९९९मध्ये याहूने ती वस्ती विकत घेतली आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजी तिचा अमेरिकेतील कारभार बंद केला. स्वयंसेवकांनी घाईने जेवढ्या प्रती उतरवल्या तेवढ्या वाचल्या. याच्या उलट, १९९६च्या गणेशचतुर्थीला सुरू झालेली 'मायबोली' स्वतःच्या नावाच्या पत्त्यावर राहिली. यंत्रे बदलली, प्रणाली बदलल्या, पण पत्ता बदलला नाही. म्हणून ती आजही सापडते.

मात्र वाचलेली प्रत वाचता येतेच असे नाही. त्या काळी प्रत्येकाचा फाँट वेगळा होता. रोमन अक्षरांच्या सांकेतिक स्थानांवर देवनागरी आकृत्या बसवलेल्या असत. तो विशिष्ट फाँट नसेल तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रास दिसे. विदर्भातील वाचकाला येथे महानुभावांच्या संकेतलिपींची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. सकळ लिपीने पंथाचे ग्रंथ शतकानुशतके सुरक्षित ठेवले आणि त्याच लिपीने ते पंथाबाहेरच्या मराठी वाचकापासून दूरही ठेवले. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाडे-भावे यांच्यासारख्या संशोधकांनी किल्ली मिळवली तेव्हा कोठे ते दालन उघडले. फरक एवढाच, की महानुभावांनी कुलूप जाणूनबुजून घातले होते. आपल्याला आपण कुलूप घालतो आहोत याचा पत्ताच नव्हता. युनिकोड रुळल्यावर हा प्रश्न सुटला. २००४ साली आलेले 'मनोगत' आणि २००७ची 'उपक्रम', 'मिसळपाव' ही सारी युनिकोडच्या पायावर उभी राहिली.

या दुसऱ्या पिढीचे बिऱ्हाड भाड्याच्या खोलीतले. मजकूर विदागारात, म्हणजे डेटाबेसमध्ये, असे. वाचकाने पान मागितले की सर्व्हरवरची आज्ञावली विदागारातून तुकडे काढून ते पान त्या क्षणी जुळवून देई. एखाद्या लेखनिकाने प्रत्येक वाचकासाठी नवी नक्कल करून द्यावी तसे! सोय मोठी, पण लेखनिकाचा सांभाळ करावा लागे: परवलीचे शब्द, सुरक्षेच्या दुरुस्त्या, विदागाराच्या राखीव प्रती. हे करणारा उत्साही माणूस बदली होऊन गेला किंवा थकला, की संकेतस्थळ बंद पडे आणि मजकूर विदागाराच्या पोटात अडकून राही.

तिसरी व्यवस्था मला तंत्राच्या दृष्टीने मुद्रणाकडे परतणारी वाटते. २००८ साली 'जेकिल' ही आज्ञावली आणि 'गिटहब पेजेस' ही सेवा आली. पुढे नेटलिफाय, व्हर्सेल (२०२०पर्यंत तिचे नाव 'झाइट' होते), क्लाउडफ्लेअर पेजेस यांनी तोच मार्ग रुंद केला. लेख साध्या मजकूर-फाइलींत लिहायचे. त्यांची सगळी पाने एकदाच जुळवून तयार करायची. तयार पानांच्या प्रती जगभरच्या केंद्रांत ठेवायच्या. वाचक आला की हातात छापील प्रत. शोधपेटी किंवा प्रतिसादाचा अर्ज यांसारख्या जिवंत कामांपुरती एखादी लहान आज्ञावली मागणीसरशी जागी होते, काम करते आणि विरून जाते. तिच्या मिलिसेकंदांचा हिशेब ठेवला जातो.

मांडणीची कृती आता सोपी आहे. फाइलींचे भांडार सेवेशी जोडायचे, पाने जुळवण्याची आज्ञा आणि तयार पानांच्या फोल्डरचे नाव सांगायचे. गुप्त किल्ल्या भांडारात न ठेवता सेवेच्या स्वतंत्र कप्प्यात ठेवायच्या. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे नेणाऱ्या सूचना एका लहान फाइलीत, ओळीमागे एक अशा लिहायच्या. ही शेवटची फाइल बहुतेक जण विसरतात आणि प्रबंधांच्या तळटीपांतले दुवे मरतात. प्रत्येक मांडणी ही स्वतंत्र आवृत्ती असते. चूक निघाली तर काही क्षणांत मागची आवृत्ती पुढे आणता येते. वि. भि. कोलते यांनी नागपुरात राहून हस्तलिखितांचे पाठ ताडून 'लीळाचरित्र' सिद्ध केले (१९७८). पाठभेद जपणे म्हणजे काय, हे त्या परंपरेत शिकलेल्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

देवनागरीची अडचण अजून संपलेली नाही. ती पत्त्यात आहे. पत्त्यातले प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे, आणि नक्कल करताना प्रत्येक बाइट टक्केवारीच्या खुणेसह तीन वर्णांचा होतो. म्हणजे 'नागपूर' या सहा चिन्हांच्या शब्दाचे चोपन्न वर्ण! त्याहून फसवा आहे तो 'वाऱ्या'मधला अर्धा र. तो एकाच संकेताच्या 'ऱ'ने लिहिता येतो, 'र' आणि नुक्ता जोडून लिहिता येतो, किंवा 'र्'पुढे अदृश्य जोडचिन्ह देऊनही लिहिता येतो. डोळ्याला तिन्ही सारखे. सर्व्हरला त्या तीन वेगळ्या फाइली. दुवा डोळ्यांनी तपासून चूक सापडत नाही, पान मात्र 'सापडले नाही' म्हणून परत येते. २०१४ साली '.भारत' ही देवनागरी नावे मिळू लागली, तीही पडद्याआड रोमन सांकेतिक रूपातच वावरतात. तेव्हा शीर्षक देवनागरीत आणि पत्ता वर्ष-अंकाच्या साध्या आकड्यांत, ही तडजोड मला मनाविरुद्ध पण पत्करण्याजोगी वाटते.

आता यंत्रे कोठे आहेत? प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. नागपूरहून अमेरिकेतील व्हर्जिनिया सुमारे तेरा हजार किलोमीटर. जाऊन येण्यात किमान १३० मिलिसेकंद गेलेच, प्रत्यक्षात अधिक. मुंबई आठशे किलोमीटर धरली तर आठ. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टने पुणे-मुंबईत आणि जून २०१६मध्ये ॲमेझॉनने मुंबईत केंद्रे उघडली ती या अंतरासाठी आणि विदा देशात राहावी यासाठी. क्लाउडफ्लेअरच्या केंद्रांच्या यादीत तर नागपूरचेही नाव आहे. झिरो माईलच्या गावाला हे शोभून दिसते.

पण मेघ विजेवर चालतो. १९९९पासून चंद्रपूर ते पडघे ही सुमारे साडेसातशे किलोमीटरची एकदिश-प्रवाहाची वाहिनी पंधराशे मेगावॉटपर्यंत वीज पश्चिमेकडे नेऊ शकते. जाळ्यात मिसळलेली वीज कोणत्या यंत्राला गेली हे सांगता येत नाही, हे खरे. तरीही मुंबई-नवी मुंबईच्या थंड दालनांमागे विदर्भातल्या कोळशाचा वाटा आहे, आणि राख कोराडी-खापरखेडा-चंद्रपूरच्या लोकांच्या वाट्याला आहे. 'लेस' या प्रत्ययात हेही झाकले जाते.

आणि घरमालक आहेच. हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२पासून आपली फुकट सेवा थांबवली. तिच्यावर विसंबलेले अनेक विद्यार्थी-प्रकल्प एका फटक्यात बेघर झाले. फेब्रुवारी २०२४मध्ये नेटलिफायच्या फुकट खात्यावरच्या एका साध्या स्थिर संकेतस्थळाला, त्यावर कोणी मागण्यांचा भडिमार केल्याने, एक लाख चार हजार डॉलरांहून अधिक देयक आले. बोभाटा झाल्यावर कंपनीने ते माफ केले. न थकणाऱ्या यंत्राचा मीटरही थकत नाही, म्हणून खर्चाची मर्यादा घालता येईल अशीच सेवा निवडावी. १८ नोव्हेंबर २०२५ रोजी क्लाउडफ्लेअरमध्ये एक फाइल अपेक्षेपेक्षा दुप्पट फुगली आणि जगभरातील असंख्य संकेतस्थळे काही तास दिसेनाशी झाली. जागा शेकडो, पण चूक एकच पुरली.

असे असूनही विभागीय वार्षिकासाठी मी हीच व्यवस्था सुचवीन, कारण मजकूर साध्या फाइलींत आपल्याकडे राहतो. सेवा बंद पडली तर तेच फोल्डर उचलून एका दुपारी दुसरीकडे मांडता येते. विभागातल्या एका संगणकावर आणि ग्रंथालयात त्याची प्रत असली म्हणजे झाले.

पत्त्याच्या नावाचे मात्र तसे नाही. ते वर्षाच्या बोलीवर मिळते, आणि बहुतेक ठिकाणी ते त्या वेळच्या एखाद्या हुशार विद्यार्थ्याच्या खात्यावर, त्याच्या मोबाइल क्रमांकाशी जोडून घेतलेले असते. तो नोकरीला पुण्याला जातो, क्रमांक बदलतो, नूतनीकरणाची सूचना कोणालाच पोहोचत नाही. मुदत आणि सवलतीचे काही आठवडे सरले की ते नाव कोणालाही विकत घेता येते.