लालश्यामशहांचा राजीनामा

१९६४ साली चांद्याच्या (आताच्या चंद्रपूरच्या) खासदाराने लोकसभेतील आपली जागा सोडली, ती पक्षातील बेबनावामुळे नव्हे किंवा प्रकृतीच्या कारणास्तवही नव्हे, तर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना आदिवासींच्या रानात वसविण्याचे जे धोरण दिल्लीने अवलंबिले होते त्याचा निषेध म्हणून. हे खासदार म्हणजे पानाबरसचे जमीनदार लालश्यामशहा. त्यांची जमीनदारी आजच्या छत्तीसगडात, गडचिरोलीच्या सीमेला लागून होती. १९६२ साली ते अपक्ष म्हणून चांद्यातून निवडून आले होते आणि गोंड प्रजा त्यांना महाराज म्हणत असे. मिळालेली खासदारकी दोन वर्षांत स्वहस्ते परत करणारी माणसे आपल्या सार्वजनिक जीवनात विरळाच. तरीही ही घटना चंद्रपूर-गडचिरोलीबाहेर फारशी कोणाच्या कानी नाही, याची मला मनस्वी खंत वाटते.

या राजीनाम्याचा अर्थ ध्यानी यावयाचा तर आधी या मुलखाच्या जमाबंदीची हकिकत पाहिली पाहिजे. अहेरीसारख्या विस्तीर्ण जमीनदाऱ्यांत विभागलेला हा प्रदेश मध्यप्रांताच्या अमलाखाली असता, गावकऱ्यांनी रानातून सरपण, बांबू, चराई व मोहफुले किती आणि कशी घ्यावी याची नोंद वाजिब-उल-अर्जात होत असे आणि त्या हक्कास निस्तार म्हणत. १९५१ साली जमीनदाऱ्या खालसा झाल्या, रान सरकारजमा झाले, आणि ज्या हक्काची मुळे दफ्तरापेक्षाही जुनी होती तो हक्क हळूहळू सवलतीच्या पंगतीला जाऊन बसला. पुढे १९५६ साली जिल्हा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली, परंतु वनखात्याचा नाकेदार तोच राहिला. माडिया आदिवासीने डोंगरउतारावर चार झाडे तोडून कोसरी पेरली की नाकेदाराने यावे, पंचनामा करावा, कुऱ्हाड जप्त करावी आणि कागदावर ‘अतिक्रमण’ असा शेरा मारावा, हा तेथील नित्याचा क्रम होता.

अशा प्रदेशात सरकारने स्वतःच कुऱ्हाड हाती घेतली. पूर्व बंगालमधून फाळणीपासूनच लोंढे येत होते; पश्चिम बंगालमधील छावण्या भरून वाहू लागल्या, तेव्हा १९५८ साली दंडकारण्य विकास प्राधिकरणाची स्थापना होऊन बस्तर, कोरापुट व कालाहंडी हे जिल्हे त्याच्या कक्षेत आले. १९६४ च्या प्रारंभी खुलन्याकडे दंगली उसळल्या आणि पुन्हा लाखो माणसे सीमा ओलांडून आली. त्यांना आगगाडीने रायपूरजवळच्या माना येथील संक्रमण छावणीत आणून तेथून रानोमाळ वाटून देण्यात येऊ लागले. चांदा जिल्हा प्राधिकरणाच्या हद्दीबाहेर असला तरी या योजनेच्या छायेबाहेर राहिला नाही. आज गडचिरोलीत मोडणाऱ्या चामोर्शी व मूलचेरा या भागांत सागवान-बांबूचे रान साफ करून वसाहती उभ्या राहिल्या, आणि गोंडी-तेलुगू नावांच्या गावांशेजारी खुदीरामपल्ली, देशबंधुग्राम, विवेकानंदपूर अशी नावे महसुली नकाशात उमटली. चंद्रपूर शहरातही मूल रस्त्यावरील एक वस्ती अद्याप बंगाली कॅम्प म्हणूनच ओळखली जाते.

कुटुंबागणिक शेतजमीन, घरासाठी जागा, बैल व बियाण्यासाठी कर्ज, शाळा आणि विहिरी, असा हा खर्चाचा तपशील होता. आणि तो पाहणाऱ्या गोंडाच्या मनात कोणता प्रश्न उभा राहिला असेल हे सांगावयास पुराव्याची आवश्यकता नाही. ज्या रानात एक मोह तोडल्याबद्दल बापाने दंड भरला तेच रान सरकारी खर्चाने उजाड होते, त्या जमिनीचे पट्टे परक्याच्या नावे होतात, आणि आपल्या गावास मात्र ना शाळा मिळते ना विहीर! लालश्यामशहांचा विरोध या अन्यायाला होता. त्यास परकीयांचा द्वेष म्हणून निकालात काढणे मला सर्वस्वी अप्रामाणिकपणाचे वाटते. कारण खजिन्यातला पैसा खर्चावयाचा की नाही हा त्या तक्रारीचा गाभा नव्हता, तो कोणाच्या जमिनीवर आणि कोणास विचारून खर्चावयाचा, हा होता.

परंतु येथेच थांबणे म्हणजे त्या आलेल्या माणसांवर अन्याय होईल. खुलना, बारिसाल, जेसोर, फरीदपूर या पाणथळ जिल्ह्यांतील हे लोक बहुतांशी नामशूद्र शेतकरी होते. दंडकारण्यात जाण्यास नकार दिला तर छावणीतील निर्वाहभत्ता बंद होत असे. तेव्हा त्यांच्या त्या स्थलांतरास स्वेच्छा म्हणणे कठीण आहे. नदीनाल्यांच्या देशातून आलेल्या या माणसांनी मूलचेऱ्याच्या कोरड्या भुईत घरामागे खड्डे खणून त्यांत रोहू-कटला सोडले, बांधावर केळी लावल्या आणि मुलांना बंगाली शाळेत घातले. माजी मालगुजारी तलावांवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवरांना परसातली ही मासेशेती नवलाची वाटली असल्यास आश्चर्य नाही. पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींच्या यादीत असलेला नामशूद्र महाराष्ट्राच्या यादीत नाही, म्हणून त्यांच्या लेकरांना जातीचा दाखला मिळत नाही. दंडकारण्यातील हजारो कुटुंबे १९७८ साली वैतागून सुंदरबनातील मरिचझापीकडे निघून गेली. पुढच्याच वर्षी पश्चिम बंगाल सरकारने त्यांना तेथून बळाने हुसकावले, आणि कित्येकांच्या नशिबी पुन्हा दंडकारण्यच आले.

सीमेपलीकडून आलेल्यांसाठी तेव्हा खजिना उघडला तो वसविण्यासाठी; आज परदेशी ठरविलेली माणसे कोंडून ठेवण्यासाठी तो उघडला जात आहे. आसामात गोवालपाडा जिल्ह्यातील मातिया येथे सुमारे ४६ कोटी रुपये खर्चून ३,००० माणसांसाठी स्थानबद्धता केंद्र बांधण्यात आले. महाराष्ट्रात २०१९ साली नवी मुंबईतील नेरूळ येथे अशा केंद्रासाठी गृहखात्याने सिडकोकडे जागा मागितल्याचे वृत्त येताच मोठा विरोध झाला; सत्तांतरानंतर त्याच डिसेंबरात मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी राज्यात असे केंद्र होऊ देणार नाही, असे आश्वासन दिले. नेरूळ हे शहर आहे, तेथील आवाज मंत्रालयापर्यंत एका दिवसात पोहोचतो. चांद्याच्या रानातून तो पोहोचविण्यासाठी एका खासदारास आपली जागा सोडावी लागली, आणि तरीही वसाहती झाल्याच.

लालश्यामशहा मात्र खचून घरी बसले नाहीत. वीस वर्षांनी, इंचमपल्ली व भोपालपट्टनम येथील नियोजित धरणांनी गडचिरोली-बस्तरची गावे बुडण्याची वेळ आली, तेव्हा ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलनात बाबा आमट्यांबरोबर ते उभे राहिले. आणि त्या आंदोलनातून घडलेल्या मेंढा-लेखासारख्या गावाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवून निस्ताराची जुनी बाकी काही अंशी वसूल केली. ज्या २००६ च्या कायद्याने मेंढ्याला तो हक्क मिळाला, तोच कायदा आदिवासी नसलेल्या वनवासीयाकडे ७५ वर्षांच्या, म्हणजे तीन पिढ्यांच्या वहिवाटीचा पुरावा मागतो. फाळणीनंतर सरकारनेच या रानात आणून बसविलेल्या बंगाली शेतकऱ्यास तो पुरावा कधीही देता येणार नाही.