क्लिकचा हिशेब कोणाकडे?

मंडळी, मागच्या व्याख्यानात आपण वर्तमानपत्रांच्या खपापर्यंत आलो होतो. जाहिरातीचा दर खपावर ठरतो, म्हणून मालक खप फुगवून सांगायचे. त्यावर उपाय म्हणून अमेरिकेत १९१४ साली ऑडिट ब्युरो ऑफ सर्क्युलेशन्स निघाला आणि १९४८ साली आपल्याकडेही त्याच नावाची संस्था सुरू झाली. तिचं मुख्यालय मुंबईत आहे. जाहिरातदार, प्रकाशक, जाहिरात संस्था असे तिघेही तिचे सभासद. म्हणजे मोजणारा त्रयस्थ. इंटरनेटवर जाहिराती आल्या तेव्हा नेमका हा त्रयस्थच बाजूला पडला, असं आम्हाला वाटतं.

१९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने नवा व्यवहार आणला. जाहिरात नुसती दिसली तर पैसे नाहीत, कुणी क्लिक केलं तरच. गूगलने २००२ मध्ये ही पद्धत उचलली आणि २००३ मध्ये ॲडसेन्स काढून ती कुणाच्याही वेबसाइटपर्यंत नेली. घरबसल्या पाककृती लिहिणाऱ्याच्या पानावरही आता जाहिरात लागणार आणि क्लिकच्या पैशातला काही वाटा त्याला मिळणार. पान त्याचं, बोट त्याचं, माऊसही त्याचाच. पुढे काय झालं असेल ते सांगायला इतिहासकार कशाला हवा!

२००४ च्या मे महिन्यात टाइम्स ऑफ इंडियाने बातमी दिली, की मोठ्या शहरांतल्या गृहिणी, पदवीधर, अगदी नोकरदारसुद्धा जाहिरातींवर क्लिक करून महिन्याला शंभर-दोनशे डॉलर मिळवताहेत. बातमी परदेशातही गेली आणि क्लिकची लबाडी म्हणजे गरीब देशांतला जोडधंदा, असा समज पसरला. पण त्याच वर्षी गूगलने ज्या कंपनीला कोर्टात खेचलं ती ऑक्शन्स एक्स्पर्ट इंटरनॅशनल टेक्सासमधली होती. आरोप असा, की स्वतःच्याच साइटवरच्या जाहिरातींवर तिने क्लिक करून घेतले. पुढच्या वर्षी निकाल गूगलच्या बाजूने लागला, ७५,००० डॉलरचा. गूगलचे तेव्हाचे अर्थप्रमुख जॉर्ज रेयेस यांनी तर डिसेंबर २००४ मध्ये या प्रकाराला इंटरनेटच्या अर्थव्यवस्थेवरचा सर्वांत मोठा धोका म्हटलं.

आता दुसरी बाजू बघा. २००५ मध्ये अर्कान्सामधल्या लेन्स गिफ्ट्स या भेटवस्तूंच्या दुकानाने गूगल आणि इतर कंपन्यांवर दावा लावला: खोट्या क्लिकचे पैसे आमच्याकडून का घेतले? २००६ मध्ये गूगलने ९ कोटी डॉलरपर्यंतची तडजोड केली. त्यातून जाहिरातदारांना मिळालं ते रोख नव्हे, तर पुढच्या जाहिरातींसाठीचं क्रेडिट! या खटल्यात न्यूयॉर्क विद्यापीठातले प्राध्यापक अलेक्झांडर तुझिलिन यांनी गूगलची व्यवस्था आतून तपासली. त्यांनी ती वाजवी ठरवली. पण त्यांच्या अहवालातल्या दोन गोष्टी आम्हाला निकालाहून मोलाच्या वाटतात. एक म्हणजे, कुणी एकाच जाहिरातीवर दोनदा टिचकी मारली, तर २००५ च्या सुरुवातीपर्यंत दुसऱ्या टिचकीचेही पैसे लागत. दुसरी गोष्ट अशी, की अवैध क्लिक कोणता हे ठरवायची नेमकी रीत जाहीर करता येत नाही. केली तर लबाडच ती आधी वाचतील.

हे कारण खरंच आहे. आम्हीही ते नाकारत नाही. पण त्याची किंमत लहान प्रकाशकाने मोजली. नियम साधे होते: स्वतःच्या जाहिरातीवर क्लिक करू नका, मित्रांना करायला सांगू नका, वाचकांकडे आर्जव करू नका. खरी अडचण नियम पाळणाऱ्याची. दुसऱ्याच कुणी खोडसाळपणाने त्याच्या पानावर शेकडो क्लिक केले, तरी खातं त्याचंच बंद होणार. कारणाचा तपशील मिळत नाही, साठलेले पैसे जाहिरातदारांकडे परत जाऊ शकतात. अपिलाचा अर्ज असतो, पण तो तपासणारं गूगलच. आपल्या पानावरच्या जाहिरातींतून गूगल किती ठेवून घेतं, हेसुद्धा प्रकाशकांना २०१० पर्यंत अधिकृतपणे माहीत नव्हतं. त्या वर्षी आकडा जाहीर झाला: मजकुराशेजारच्या जाहिरातींत प्रकाशकाचा वाटा ६८ टक्के. हिंदी पानांना ॲडसेन्सचं दार २०१४ च्या डिसेंबरात उघडलं, मराठीला त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे आपले लेखक आले ते हे सगळं ठरून गेल्यावर.

पुढच्या वेळी २०११ च्या एस्टोनिया प्रकरणाकडे वळू. तिथल्या टोळीने शंभरावर देशांतल्या ४० लाखांहून अधिक संगणकांत शिरकाव करून जाहिरातींचे पैसे लाटले होते.