पिस्तूल पकडा, जात नको
भोर तालुक्यातलं उत्रोळी. डिसेंबर १८३१ मध्ये इंग्रजांनी उमाजी नाईकांना इथेच पकडलं आणि ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात फाशी दिलं. पुरंदरची राखण करणाऱ्या रामोश्यांचे हक्क काढले, म्हणून ते बंड पेटलं होतं. पुढे काय झालं? १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आला, १९११ मध्ये तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानात पसरला. जन्मालाच गुन्हा ठरवलं! १८७८ च्या हत्यार कायद्याने आपल्याला परवान्यात जखडलं, युरोपियनांना सूट दिली.

१९५२ ला जमाती कायदा रद्द झाला, पण संशयाची नजर गेली नाही.

आज पुण्यात गावठी पिस्तुलं चालतात. ५ जानेवारी २०२४ ला शरद मोहोळचा कोथरूडमध्ये गोळ्या घालून खून झाला. बेकायदा हत्यारांवर कारवाई आम्हालाही हवी. टोळ्यांच्या नादी लागून आपलीच पोरं मरतात, तुरुंगात सडतात.

पण १९५९ च्या शस्त्र कायद्याचं कलम २५ हत्यार बघतं, जात नाही. पिस्तूल कुणी बनवलं, कुणी विकलं, पैसा कुणाचा, हे शोधा. रात्री वस्तीत शिरून आडनावावरून पोरं उचलणं म्हणजे १८७१ चाच कायदा.

मित्रांनो, अटक झाली तर कारण लेखी मागा. संविधानाचं कलम २२ पाठ करा.

जय भीम!