रंजकविघटन, अर्धसंवाहक पातळ थरांद्वारे

काचेवर किंवा धातूच्या पत्र्यावर बसवलेल्या अर्धसंवाहकाच्या पातळ थरावर प्रकाश पाडून पाण्यातील रंजकद्रव्यांचे रेणू तोडण्याची पद्धत. फुजिशिमा व होंडा यांनी 1972 मध्ये टिटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युतअग्रावर प्रकाशाच्या साहाय्याने पाण्याचे विघटन घडवले. त्यानंतर या संशोधनाला वेग आला.

क्रिया : पुरेशा ऊर्जेचा प्रकाश शोषला की थरातील इलेक्ट्रॉन वरच्या पट्टात जातो व मागे धनभारित पोकळी उरते. पोकळीमुळे पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके बनतात आणि ती रंजकाच्या रेणूवर तुटून पडतात. ॲनाटेज रूपातील टिटॅनियम डायऑक्साइडचे ऊर्जा-अंतर 3.2 इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने त्याला जंबुपार किरण लागतात, आणि सूर्यप्रकाशात त्यांचा वाटा जेमतेम 4-5 टक्के असतो. कॅडमियम सल्फाइड दृश्य प्रकाश शोषते. मात्र ते स्वतःच झिजून विषारी कॅडमियम पाण्यात सोडते, म्हणून ते या कामी त्याज्यच मानावे.

थरनिर्मिती : अर्धसंवाहकाची भुकटी चांगली चालते, पण पाण्यातून पुन्हा गाळून काढणे जिकिरीचे असते. थर जागीच राहतो, हा त्याचा खरा गुण. त्याची किंमत म्हणजे कमी पृष्ठफळ. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात के. वाय. राजपुरे, सी. एच. भोसले आदींनी स्प्रे पायरोलिसिसने थर तयार केले. या पद्धतीत क्षाराचे द्रावण तापवलेल्या काचेवर फवारतात. द्रावक उडून जातो आणि ऑक्साइड चिकटून राहते. निर्वात यंत्रणा लागत नसल्याने साध्या प्रयोगशाळेतही हे जमते. विद्युतवाहक काचेवरील थराला बाहेरून विद्युतदाब दिल्यास इलेक्ट्रॉन व पोकळी पुन्हा एकत्र येण्याचे प्रमाण घटते आणि विघटन वाढते.

मापन : मिथिलीन ब्लू हे नेहमीचे चाचणीद्रव्य, त्याचे शोषण 664 नॅनोमीटरच्या आसपास मोजतात. रंग गेला म्हणजे रेणू नष्ट झाला असे नव्हे. एकूण सेंद्रिय कार्बन मोजल्याशिवाय केलेला विघटनाचा दावा अपुरा होय.

स्थानिक संदर्भ : पालघर जिल्ह्यातील रंग व कापड उद्योगांचा भार किनाऱ्याकडील बोईसर-तारापूर औद्योगिक क्षेत्रावर आहे. अशा उद्योगांच्या सांडपाण्यातील क्षार मूलके खाऊन टाकतात आणि गडद रंग प्रकाश अडवतो. त्यामुळे जैविक प्रक्रियेनंतर उरलेला फिका रंग काढण्यासाठीच हे थर सध्या योग्य ठरतात.