वहिनींचा चिमटा आणि सीप्झची हार्डडिस्क

दिवाळीला देऊळगाव राजाला गेलो होतो. पुतण्याने एक बंद पडलेली हार्डडिस्क खोलून ओट्यावर मांडली होती. आरशासारखी तबकडी, तिला फिरवणारी मोटर, नखाने सुटणार नाही असं लोहचुंबक, आणि तबकडीवर सरकणारा एक नाजूक दांडा. त्याच्या टोकाला डोळे ताणून बघावं लागेल एवढंसं हेड. वहिनींनी ते उचलून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊजी, हे त आमच्या चिमट्यावानीच दिसते!"

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो. आमच्या भागात शेडनेटमध्ये मिरची, टोमॅटो, काकडीचं संकरित बी तयार होतं. मिरची-टोमॅटोला संध्याकाळी मादीच्या कळीतले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नराचा पराग लावायचा. एकेक फूल, हाताने. ही कामं बहुतेक बायकाच करतात. नर-मादीचं बियाणं कंपनी देते, किती प्लॉट लावायचे तेही कंपनीच ठरवते, आणि तयार झालेलं सगळं बी कंपनीलाच जातं. शेजारच्या जालन्यात बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली महिको काढली, तेव्हापासून या धंद्याची मुळं इकडे पसरत गेली.

वहिनींच्या त्या एका वाक्यावरून मला अंधेरीचं सीप्झ आठवलं. का, ते सांगतो.

सीप्झ १९७३ साली सुरू झालं. सुटे भाग परदेशातून बिनजकातीचे आणायचे, इथे जोडायचे आणि तयार माल परत परदेशी पाठवायचा, असा एकूण हिशोब. इथल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत बारीक जोडकामाला बायका मोठ्या संख्येने होत्या. १९८० च्या दशकात याच सीप्झमधून टंडन मंडळींनी हार्डडिस्क बनवून परदेशी पाठवल्या. होय, आपल्या मुंबईतून!

यामागचा माणूस सिरजंग लाल, म्हणजे जुगी टंडन. शिकायला अमेरिकेत गेला आणि १९७५ साली कॅलिफोर्नियात टंडन कॉर्पोरेशन काढली. सुरुवात चुंबकीय हेडपासून. हेड बनवणं म्हणजे निव्वळ हातांचं काम, म्हणून ते भारतात करून घ्यायचं, आणि तेवढ्याच बळावर भावात इतरांना मागे टाकायचं. पुढे कंपनी अख्खे फ्लॉपी ड्राइव्ह बनवू लागली. १९८१ साली आयबीएमचा पहिला पीसी आला, त्यात टंडनचे ड्राइव्ह होते.

आता बघा, या कंपनीकडे तिन्ही गोष्टी होत्या. स्वस्तात बारीक काम करणारे हात होते. तबकडीच्या दोन्ही बाजूंनी वाचणाऱ्या हेडचं पेटंट होतं. आणि जगातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होतं. आणखी काय हवं?

पण गिऱ्हाईक मोठं असलं की त्याची शिंकही मोठी असते. १९८४-८५ मध्ये आयबीएमने मागणी कमी केली आणि टंडन तोट्यात गेली. दुसरीकडे जपानी ड्राइव्ह अमेरिकेत येत होते. ते आपल्या पेटंटवर अतिक्रमण करतात, अशी तक्रार टंडनने तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. आयोगाने ते मान्य केलं नाही आणि १९८७ साली अपील कोर्टानेही आयोगाचाच निर्णय कायम ठेवला. पेटंटमधल्या शब्दांचं कुंपण असतं, आणि शेजाऱ्याने कुंपणाबाहेरून वाट काढली तर काही करता येत नाही. १९८८ साली टंडनने ड्राइव्हचा धंदा सुमारे ८ कोटी डॉलरला वेस्टर्न डिजिटलला विकला. १९९३ साली कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली.

आज जगात हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्यात: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. सुटे भागही मोजक्याच ठिकाणांहून येतात. २०११ साली थायलंडमध्ये पूर आला तेव्हा हार्डडिस्कचे भाव जगभर चढले होते, आठवत असेल.

हे सगळं मी वहिनींना सांगितलं. (त्या चकल्या तळत होत्या, पण ऐकत होत्या.) मला वाटत होतं, गोष्ट पेटंटची आहे. नक्शा ज्याचा त्याचा नफा, आणि हातांना फक्त मजुरी. बियाण्यातही तेच. उलट तिथलं कुलूप जास्त पक्कं. पेटंट निदान छापून जाहीर करावं लागतं, वाचून दुसरा आडवाट काढू शकतो. संकरित बियाण्याचे नर-मादी वाण कंपनी आपल्याकडेच ठेवते. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला घरचं बी राखून पेरायचा हक्क दिलाय, पण संकरिताचं बी राखून पेरलं तर तसंच पीक येत नाही. हक्क आहे, उपयोग नाही.

वहिनींनी झारा बाजूला ठेवला. "पण त्या मानसाजवळ त नक्शा होता ना? तरी बुडालाच की."

मी गप्प. खरंच की. नक्शा असूनही टंडन कोसळली, कारण तिची मोठी मागणी एकाच दारातून येत होती.

"म्हणून त आम्ही एक नेट कंपनीचं ठेवतो," त्या म्हणाल्या, "अन् दुसऱ्यात आपली बाजाराची काकडी. भाव पडतो कधी कधी. पण कोनाच्या फोनची वाट पाहा लागत नाही."

पुतण्याने ते चुंबक आता फ्रिजला चिकटवून टाकलंय. डिस्कमधले फोटो काही परत आले नाहीत. असो. तुमच्यापैकी किंवा तुमच्या घरातल्या कुणी त्या काळात सीप्झमध्ये काम केलं असेल, तर जरूर लिहा. त्या हातांबद्दल फार कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.